पाद्री रसेल आणि त्यांचे श्वान

पवित्र शास्त्रात कुत्र्याला मानाचे स्थान क्वचितच मिळाले आहे. लाजरसच्या जखमा चाटणारे कुत्रे किंवा मेजाखाली पडलेला चुरा खाणारी कुत्री आपल्या परिचयाची आहेत. परंतु तेथे कुत्रा येतो तो बहुधा दैन्याची खूण म्हणून. या नियमाला एक लोभस अपवाद आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, देवदूत राफाएल त्याची सोबत करतो, आणि या दोघांच्या मागोमाग घरचा कुत्राही वाटेला लागतो. तो कुत्रा काही पराक्रम करीत नाही. जाताना तो बरोबर असतो आणि परततानाही बरोबर असतो, एवढेच ग्रंथकार सांगतो. देवदूताच्या पंक्तीला बसलेला हा मुका सहप्रवासी पुढे ख्रिस्ती चित्रकारांच्या मनात भरला आणि तोबियाच्या अनेक चित्रांत त्याने आपली जागा पटकावली.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही कुत्रा अगदीच परका नाही. प्लेगच्या साथीत आजारी पडलेल्या संत रॉक यांना भाकर आणून देणारा कुत्रा त्यांच्या पुतळ्यापाशी बसलेला आपण पाहतो. संत डॉमिनिक यांच्या चित्रांतील कुत्र्याच्या तोंडात पेटती मशाल असते. असे असले, तरी आपल्या दारातील कुत्र्याशी आपले नाते नेमके काय, त्याच्या बाबतीत आपले काही कर्तव्य आहे काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो करण्यास एक चांगले निमित्त म्हणून एका छोट्या कुत्र्याचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. या कुत्र्याचे नाव जॅक रसेल टेरिअर. ते एका पाद्रीबाबाचे नाव आहे, ही गोष्ट आमच्या कुतूहलाला प्रथम कारणीभूत झाली, हे सांगावयास हरकत नाही.

मातीत शिरणारे कुत्रे

टेरिअर हा शब्द लॅटिन भाषेतील ‘तेर्रा’ या शब्दापासून आला. तेर्रा म्हणजे भूमी. लॅटिन मिस्सा ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या कानावरून हा शब्द अनेकदा गेलेला असेल. जमिनीवर पळणाऱ्या सावजाचा पाठलाग करणारे कुत्रे वेगळे आणि सावज बिळात दडले असता त्याच्या मागे थेट जमिनीच्या पोटात शिरणारे कुत्रे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्यांना टेरिअर हे नाव पडले.

त्यांचा एक जुना व महत्त्वाचा लेखी उल्लेख ज्या गृहस्थांनी केला, त्यांची कथा कॅथलिक वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. डॉक्टर जॉन कीज हे सोळाव्या शतकातील नामांकित वैद्य. सहावा एडवर्ड आणि राणी मेरी यांच्या दरबारी त्यांनी राजवैद्य म्हणून काम केले. केंब्रिज येथील आपल्या जुन्या विद्यालयाला १५५७ साली त्यांनी स्वतःच्या द्रव्याने नवे रूप दिले; ते विद्यालय आजही त्यांच्या नावाने चालते. कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञासाठी त्यांनी इंग्लंडमधील कुत्र्यांचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिले. १५७० साली ते छापले गेले. कोल्ह्याच्या व बॅजर नावाच्या बिळवासी जनावराच्या मागे भूमीत शिरणाऱ्या कुत्र्यांची नोंद त्या पुस्तकात आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५७२ साली, जुन्या धर्माशी जवळीक राखल्याच्या संशयावरून डॉक्टर कीज यांच्या खोल्यांची झडती झाली. त्यांनी जपून ठेवलेली मिस्सेची वस्त्रे व उपासनेचे साहित्य सापडले आणि ते जाळून नष्ट करण्यात आले. पुढच्याच वर्षी कीज निवर्तले. ज्या हातांनी ती वस्त्रे जपली, त्याच हातांनी कुत्र्यांच्या या कुळाची नोंद इतिहासासाठी करून ठेवली.

सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांच्या कळपासह कोल्ह्याची शिकार करण्याची प्रथा वाढत गेली. आपल्याकडे ज्याला खोकड म्हणतात, त्याच कुळातला हा तांबूस रंगाचा कोल्हा. थकला की तो बिळात शिरे. मोठ्या कुत्र्यांना तेथे प्रवेश नसे. अशा वेळी छोटा टेरिअर बिळात सोडला जाई. कळपाबरोबर मैलोगणती धावावयाचे आणि वेळ आली की चिंचोळ्या बिळात शिरावयाचे, असे हे दुहेरी काम होते. त्यासाठी पाय पुरेसे लांब आणि छाती मात्र अरुंद असा कुत्रा हवा होता. तो घडविण्याचे श्रेय इतिहासाने ज्यांच्या पदरात टाकले, ते जॉन रसेल.

डेव्हनचे पाद्रीबाबा

जॉन रसेल यांचा जन्म १७९५ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यातील डार्टमथ येथे झाला. त्यांचे वडीलही अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि त्यांनाही शिकारीचा नाद होता. टिव्हर्टन येथील शाळेत असताना जॉनने एका सोबत्याच्या मदतीने चोरून शिकारी कुत्रे पाळले होते. शाळेतून नाव कमी होण्याचा प्रसंग आला. तो थोडक्यात टळला. पुढे ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाले.

ऑक्सफर्डमधील अखेरच्या दिवसांतली हकिगत प्रसिद्ध आहे. साल १८१९, महिना मे, असे सांगतात. हातात पुस्तक घेऊन रसेल शहराबाहेर फिरावयास गेले असता त्यांना एक दूधवाला भेटला. त्याच्याबरोबर एक पांढरी कुत्री होती. दोन्ही डोळ्यांवर व कानांवर गडद तपकिरी ठिपके आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा तसाच एक ठिपका. तिला पाहताच रसेल जागच्या जागी थांबले आणि ती विकत घेतल्यावाचून पुढे गेले नाहीत. तिचे नाव ट्रम्प, म्हणजे पत्त्यांतला हुकूम. ई. डब्ल्यू. एल. डेव्हिस यांनी १८७८ साली, म्हणजे रसेल हयात असतानाच, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ट्रम्पची हकिगत आपल्यापर्यंत आली ती त्या चरित्रामुळे. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी युवराज एडवर्ड यांनी तिचे चित्र काढवून घेतले आणि ते सँड्रिंगहॅम येथील राजनिवासात लावले. रसेल यांनी ट्रम्पपासून जो वंश वाढविला, त्यातून आजचा कुत्रा उतरला असे मानतात.

धर्मदीक्षेनंतर काही वर्षे इतरत्र सेवा करून रसेल डेव्हनमधीलच स्विमब्रिज या गावी आले. १८३० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे पंचेचाळीस वर्षे त्यांनी त्या एकाच गावात काढली. एका धर्मग्रामात पंचेचाळीस वर्षे! किती बाप्तिस्मे, किती विवाह, किती अंत्यविधी त्यांच्या हातून झाले असतील, याचा अंदाज आमच्यासारख्या धर्मग्रामात राबणाऱ्याला सहज करता येतो. त्यांच्या कारकिर्दीत गावातील उपासनांची संख्या वाढली. त्यांचा आवाज खणखणीत होता, दातृत्व सढळ होते, आणि गरीब-श्रीमंत दोघांनाही त्यांचे दार उघडे असे.

पण आठवड्यातील कितीतरी दिवस हे पाद्रीबाबा घोड्यावर असत, हेही तितकेच खरे. एक्झेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स हे कडक शिस्तीचे. आपल्या प्रांतातील धर्मोपदेशकांनी शिकारीचे कळप बाळगावेत, हे त्यांना मुळीच रुचत नव्हते. त्यांनी रसेल यांना बोलावून कुत्र्यांचा त्याग करण्याची सूचना केली. यावर रसेल यांनी मान्यता दिली आणि कुत्रे पत्नीच्या नावावर करून टाकले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, डेव्हनचे लोक ती हसत हसत सांगत आले आहेत. शिकारीच्या नादापायी पैशाची ओढाताण झाली. १८७१ साली आपला कळप त्यांना विकावा लागला. उतारवयात अधिक उत्पन्नाच्या ब्लॅक टॉरिंग्टन या गावी ते गेले आणि १८८३ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. अंत्यविधीसाठी त्यांना स्विमब्रिजला परत आणण्यात आले. आजूबाजूच्या खेड्यांतून फार मोठा जनसमुदाय लोटला होता. संत याकोबाच्या नावाने असलेल्या तेथील चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

अशा धर्मोपदेशकाचे मूल्यमापन कसे करावे? आम्हांला वाटते, न्याय दोन्ही बाजूंनी करावा. शिकारीसाठी मेंढपाळाने कळप सोडून जाणे समर्थनीय नाही आणि बिशपमहाशयांची तक्रार अनाठायी नव्हती. परंतु ज्यांच्या मरणाने शेतकरी, मजूर व उमराव एकत्र येऊन रडले, त्यांनी आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडले होते असेही म्हणवत नाही. त्यांच्या स्वभावातील एक गोष्ट मात्र निःसंशय शिकण्यासारखी आहे. त्यांचे आपल्या कुत्र्यांचे ज्ञान पुरे होते. कुत्रा कशासाठी जन्मला आहे, हे ते एका क्षणासाठीही विसरत नसत.

काम आणि घडण

रसेल यांना रक्तपिपासू कुत्रा नको होता. बिळात शिरलेल्या टेरिअरने कोल्ह्याला मारले, तर पाठलागच संपला. त्याने कोल्ह्यासमोर उभे राहावे, भुंकावे, त्याला बेजार करून बाहेर काढावे, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांना जमिनीखालून आपला ठावठिकाणा आवाजाने कळवावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे धैर्य हवे, पण क्रौर्य नको. चिकाटी हवी, पण भानही हवे. शिवाय अंधारात, धन्याच्या नजरेआड, कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता निर्णय स्वतःच घ्यावयाचा. आज घरात हाच कुत्रा ऐकत नाही म्हणून आपण कुरकुरतो. परंतु बिळात असताना हाक ऐकून परत फिरणारा टेरिअर रसेल यांच्या काळी निरुपयोगी ठरला असता.

शरीराचीही घडण कामाप्रमाणेच झाली. रंग मुख्यतः पांढरा, कारण तांबूस कोल्हा व टेरिअर यांत कळपातील कुत्र्यांची गफलत होऊ नये. छाती लवचीक व निमुळती. आजही परीक्षक या कुत्र्याच्या पुढच्या पायांमागे दोन्ही हातांची पकड घालून छाती मापतात. मध्यम आकाराच्या हातांत ती मावली पाहिजे. छोट्या प्रकारात तिचा घेर सुमारे ४० ते ४३ सेंटिमीटर असावा असा दंडक आहे. जिथून कोल्हा आत जातो, तिथून कुत्राही गेला पाहिजे, हा या मापामागचा साधा हिशेब. केसांचे तीन प्रकार आढळतात: गुळगुळीत, राठ आणि या दोहोंमधला.

१८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. रसेल त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते आणि पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेस येथील प्रदर्शनात त्यांनी परीक्षकाचे काम केले. स्वतःचे टेरिअर मात्र त्यांनी प्रदर्शनापासून दूरच ठेवले. प्रदर्शनासाठी वाढविलेला कुत्रा दिसावयास देखणा होतो आणि कामाला मुकतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्यामागे आर्थर हाइनमन यांनी हा वंश जपला आणि १९०४ साली त्याचे पहिले प्रमाणलक्षण लिहून काढले.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतील शिकारीचे प्रमाण घटले. कामापेक्षा सोबतीसाठी कुत्रा पाळणारे वाढले. इतर जातींशी संकर झाले आणि आखूड पायांचे अनेक कुत्रे जॅक रसेल याच नावाने ओळखले जाऊ लागले. मग खरा वारस कोण, यावर दीर्घ वाद माजला. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९९० साली उंच पायांच्या प्रकाराला मान्यता दिली. १९९९ पासून त्याचे नाव पार्सन रसेल टेरिअर असे आहे. त्याची उंची साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर. २५ ते ३० सेंटिमीटर उंचीच्या व ५ ते ६ किलो वजनाच्या छोट्या प्रकाराची जोपासना ऑस्ट्रेलियात नेटाने झाली. त्याला जॅक रसेल टेरिअर या नावाने ब्रिटनमध्ये २०१६ साली मान्यता मिळाली. दुसरीकडे, १९७४ साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील जॅक रसेल टेरिअर क्लबने अशा मान्यतेला विरोधच केला. रसेल यांची जुनी शंका त्यांच्या वारसांनी अशी जिवंत ठेवली.

ज्या शिकारीसाठी हा कुत्रा घडला, तिचे पर्वही मागे पडले आहे. २००४ साली संमत झालेला कायदा २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अमलात आला आणि कुत्र्यांचे कळप घेऊन कोल्ह्याची पारंपरिक शिकार करण्यास बंदी झाली. मुक्या जनावराचा छळ मनोरंजनासाठी होऊ नये, या दृष्टीने आम्हांला हे पाऊल योग्य वाटते. प्रश्न उरतो तो टेरिअरचा. काम संपले, पण कामासाठी घडलेला स्वभाव काही कायद्याने संपत नाही.

आपल्या घरातील ओळख

महाराष्ट्रातील व गोव्यातील जुन्या पिढीने एक छोटा टेरिअर नाव न कळताच पाहिलेला आहे. नाट्यगीते, भावगीते व भक्तिगीते ज्या तबकड्यांवर ऐकली, त्यांतील हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा असे. त्याचे नाव निपर. १८८४ साली तो ब्रिस्टल येथे जन्मला. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना हलकेच चावे घेण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव पडले. तो मिश्र रक्ताचा टेरिअर होता. कोणी त्याला फॉक्स टेरिअरकडे ओढतात, तर कोणी जॅक रसेलकडे. त्याचा पहिला धनी १८८७ साली वारला, तेव्हा धन्याचा भाऊ, चित्रकार फ्रान्सिस बॅरो, याने त्याला सांभाळले. १८९५ साली निपर मेला. चित्र रंगविले गेले ते त्यानंतर, आणि १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. मालक गेल्यावर पोरक्या झालेल्या कुत्र्याला दुसऱ्याने घर दिले, म्हणून ते चित्र जन्माला आले.

याच कुळातील इतर काही कुत्र्यांचीही नावे इतिहासात आली आहेत. सर रॅनल्फ फाइन्स यांच्या पृथ्वीप्रदक्षिणा मोहिमेबरोबर असलेला बॉथी हा छोटा जॅक रसेल १९८० साली दक्षिण ध्रुवावर आणि १९८२ साली उत्तर ध्रुवावर पोहोचला. युक्रेनमधील युद्धात चेर्निहिव्ह भागात पुरलेली स्फोटके हुंगून दाखविणारा पॅट्रन हाही जॅक रसेलच. २०२२ साली त्या देशाच्या अध्यक्षांनी त्याला पदक देऊन गौरविले. जमिनीत दडलेल्या गोष्टीचा शोध घेण्याची तीच उपजत बुद्धी. दोनशे वर्षांपूर्वी ती कोल्ह्याच्या बिळाशी थांबत असे, येथे ती माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामी आली.

आता या चित्राची दुसरी बाजू. १९९३ ते २००४ या काळात अमेरिकेत गाजलेल्या ‘फ्रेझर’ या दूरदर्शन मालिकेत एडी नावाचा कुत्रा होता. त्याचे काम करणारा मूस हा जॅक रसेल इतका अनावर होता, की त्याच्या पहिल्या कुटुंबाने त्याला देऊन टाकले होते. २०११ सालच्या ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटातील अगी या कुत्र्याने जगभरच्या प्रेक्षकांना जिंकले. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या अगीलाही आधीच्या दोन मालकांनी नाकारले होते. शिकविण्याची हातोटी असलेल्या माणसाने त्याला ठेवून घेतले नसते, तर त्याची रवानगी बेवारस कुत्र्यांच्या कोंडवाड्यात झाली असती. वाचकहो, ज्या कुत्र्यांकडे पाहून हजारो कुटुंबांना आपल्याही घरी असा कुत्रा असावा असे वाटले, ते कुत्रे स्वतःच्या पहिल्या घरातून बाहेर काढले गेले होते. या एका गोष्टीत आमच्या लेखाचे सारे सार आले आहे.

पाळण्यापूर्वी आणि पाळल्यावर

आपल्याकडील शहरांतूनही आता हा कुत्रा दिसू लागला आहे. लहान चणीचा, म्हणून फ्लॅटमध्ये मावेल, असा पुष्कळांचा समज असतो. शरीर मावते, स्वभाव मावत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर चालणे व धावणे, वस्तू लपवून हुंगावयास लावणे, थोडा थोडा वेळ शिकविणे, एवढे ज्या घराला झेपणार नाही, त्या घराने दुसऱ्या शांत जातीचा, किंबहुना दारातल्याच गावठी पिलाचा विचार करावा. रिकामा टेरिअर स्वतःच काम शोधतो: कुंड्या उकरतो, चपला फाडतो, दिवसभर भुंकतो. यात दुष्टपणा नाही. त्याला बेकारी सोसत नाही, इतकेच.

ज्यांच्या परसात कोंबड्या, बदके अथवा ससे आहेत, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्या मागे लागणे त्याच्या रक्तातच आहे. मांजराशी मैत्री लहानपणीच जुळली तर जुळते. मुलांशी तो मनापासून खेळतो. पण शेपटी ओढणे वा खाताना छेडणे त्याला खपत नाही. म्हणून अगदी लहान मुलांपाशी त्याला एकटे सोडू नये आणि मुलांनाही त्याच्याशी सौजन्याने वागण्यास शिकवावे. त्याला मारून शिकविता येत नाही. आवाज न चढविता, नियम न बदलता, चांगल्या वागणुकीबद्दल लगेच खाऊ देऊन तो शिकतो, आणि फार लवकर शिकतो.

आपल्या कोकणपट्टीच्या हवेत आणखी काही पथ्ये आवश्यक आहेत. हा कुत्रा बिळात तोंड घालणार हे गृहीतच धरावे. त्या बिळात नाग वा घोणस असू शकते. म्हणून बांधावर, दगडांच्या ढिगाऱ्यात किंवा गवतात त्याला पट्ट्यावाचून सोडू नये. उंदीर पकडण्यात तो पटाईत आहे; परंतु उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. पावसाळ्यापूर्वी त्याची लस पशुवैद्यांना विचारून द्यावी. रेबीजच्या लसीत चालढकल करू नये. फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी, कारण गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप प्राणघातक ठरू शकतो. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नये. आपल्याला अनवाणी उभे राहवत नसेल, तर त्यालाही राहवत नाही. नाताळच्या दिवसांत एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी: मनुका घातलेला केक, चॉकलेट आणि कांद्याचे पदार्थ कुत्र्याला बाधतात. लाडाने भरविलेला घास त्याच्या जिवावर बेतू शकतो. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, घरच्या माणसाजवळ ठेवावे.

या कुळातील काही आनुवंशिक दोषही ठाऊक असावेत. डोळ्यातील भिंग जागेवरून सरकून आतला दाब वाढणे हा त्यांतील गंभीर विकार. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. त्याला कारणीभूत असलेला जनुकदोष २०१० साली सापडला व आता तपासणी करता येते. बहिरेपणा, गुडघ्याची वाटी सरकणे, कोवळ्या वयात खुब्याचे हाड झिजणे हेही आढळते. म्हणून पिलू घेताना त्याच्या आईबापांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे आणि शक्य तर आईला प्रत्यक्ष पाहावे. आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास आपल्या देशात २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. त्याआधी आईपासून तोडलेले पिलू स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

तसा हा कुत्रा काटक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तुलनेला घेतलेल्या जातींमध्ये सर्वाधिक सरासरी आयुर्मान जॅक रसेलचे आढळले: सुमारे १२.७ वर्षे. बेतात खाणे, वजनावर नजर व नित्य व्यायाम असल्यास त्याहून अधिक जगणारेही असतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेले पिलू, ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असणार. मुलाचा हट्ट महिन्याभरात निवतो. त्यानंतरची वर्षे बहुधा घरातील आईच्या वाट्याला येतात. निर्णय घेताना तिचे मत प्रथम विचारावे, हे सांगावयास धर्मगुरू कशाला हवा?

राखणदारी

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसृत केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी थोडे पण नेमके सांगितले आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून माणसाने त्यांच्याशी दयेने वागणे हे त्याच्यावरील ऋणच आहे. त्यांना विनाकारण वेदना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याचबरोबर, गरिबाच्या दुःखनिवारणासाठी जे द्रव्य खर्चावयास हवे ते प्राण्यांवर उधळू नये. प्राण्यांवर प्रेम करावे, पण माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये. हा तोल फार मोलाचा आहे. २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी हेच अधिक विस्ताराने मांडले: सृष्टीवर आपली सत्ता नाही, आपल्याकडे तिची राखणदारी आहे.

या दोन्ही टोकांना आपल्या धर्मग्रामांत आता उदाहरणे मिळतात. एकीकडे कुत्र्याचा वाढदिवस केक कापून साजरा होतो आणि घरकाम करणाऱ्या बाईचे मूल दारात उभे असते. दुसरीकडे हौस फिटली, बदली झाली, भाडेकरार संपला, म्हणून पट्टा सोडून कुत्रा महामार्गावर किंवा मासळीबाजारात सोडला जातो. घरात वाढलेला तो जीव येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावत राहतो. उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी आपल्या शब्दावर विसंबलेल्याला फसविणे याला पाप याहून वेगळे नाव आम्हांला सुचत नाही. पापनिवेदनाच्या वेळी या गोष्टीची आठवण कोणाला होते की नाही, कोण जाणे.

पाद्री रसेल यांचा शिकारीचा नाद आपण घेऊ नये. पण त्यांनी कुत्र्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती घ्यावी. या जिवाला निर्मात्याने कोणता स्वभाव दिला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांनी त्याला कोणत्या कामासाठी घडविले, हे आधी समजून घ्यावे आणि मगच त्याला दारात आणावे. मराठीत आपण कुत्रा पाळतो, सण पाळतो, देवाच्या आज्ञा पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. क्रियापद एकच आहे. पिलू घरी आणण्यापूर्वी कुटुंबाने एका संध्याकाळी, रोझरीनंतर, एकत्र बसून या शब्दाचा विचार करावा. पुढची बारा-तेरा वर्षे तो पाळता येईल अशी खात्री झाली, तर खुशाल आणावे. घर आनंदाने भरून जाईल. खात्री होत नसेल, तर न आणणे हीही त्या मुक्या जिवावर केलेली दयाच होय.